कुपीत आधी चिठ्ठी टाक

हे बघ पोरी, कोळी नवा वाटला म्हणून लगेच कुणाला फोन करू नकोस. आधी जिवंतपणीच फोटो काढ, पाठीवरून आणि समोरून, आठही डोळ्यांची मांडणी दिसेल असे. अल्कोहोलमध्ये पडला की रंग उडतात.

मग कुपी. सत्तर टक्के अल्कोहोल, आणि आतच चिठ्ठी: गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कुणी धरला, कुठल्या झाडावर. पेन्सिलीनं लिही, बॉलपेनची शाई विरघळते. बाहेरून चिकटवलेल्या लेबलावर माझा काडीचा विश्वास नाही.

आता म्हणशील, चिठ्ठीचं एवढं काय? पोकॉक नावाच्या शास्त्रज्ञानं १८९९ मध्ये निळ्या टॅरंटुलाचं वर्णन केलं, पोसिलोथेरिया मेटॅलिका. नमुना मिळाला होता गुत्तीला, म्हणजे आपल्या मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकूडवखारीत. पुढं शंभर वर्षं कुणाला तो दिसेना. २००१ मध्ये पुन्हा सापडला तो शंभरेक किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरमधल्या जंगलात. गुत्तीला बहुधा ओंडक्यांबरोबर गाडीनं आला असावा. म्हणून जंगलात मिळाला की वखारीत, हेही लिहायचं.

पिल्लावरून जात ठरवू नये. नराच्या तोंडाजवळचे पाल्प बघ. टोक फुगलंय पण गुळगुळीत आहे, तर एक कात टाकायची राहिलीय. डबीत ठेव, चिलटं खाऊ घाल, थांब. मादीच्या पोटाखालचं एपिगाइन, म्हणजे जननांग, सोडवून स्वच्छ कर आणि आतल्या नळ्यांचं चित्र काढ, हातानं. फोटोत एकावर एक आलेल्या नळ्या कळत नाहीत. चित्र काढताना डोळ्यांना निवाडा करावाच लागतो. चित्र डाव्या बाजूच्या पाल्पचं काढायचा रिवाज आहे. नर आणि मादी एकाच जागी मिळाले म्हणून नवरा-बायको समजू नकोस.

खरा वेळ जातो जुन्या कागदांत. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये पन्नास हजारांवर जाती आहेत. श्रीलंका, म्यानमारचीही वर्णनं चाळ, कोळ्याला सरहद्द नसते. नवी वाटलेली जात इथंच जुनी निघते, आणि निघाली तर वाईट वाटून घेऊ नये.

वनखात्याची परवानगी आधीच हवी. होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावर नव्या जातीचं नाव उभं राहतं तो, घरच्या कपाटात ठेवायचा नाही. जैवविविधता कायद्यानं ठरवलेल्या संग्रहालयात द्यायचा.

नाव अगदी शेवटी. स्वतःचं देऊ नये, शोभत नाही. ठाणे-कल्याण भागातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये इशियस तुकारामी नाव दिलं, हुतात्मा तुकाराम ओंबळ्यांवरून. असं नाव घ्यावंसं वाटतं. पुरुषाचं असेल तर शेवटी ‘आय’, बाईचं असेल तर ‘एई’ ही लॅटिन अक्षरं लागतात. आणि निबंध छापून येईपर्यंत ते नाव स्टेटसला टाकू नकोस, मैत्रिणींच्या ग्रुपवरसुद्धा.