सहाव्या दिवसाची तयारी

प्रश्न : आमच्या घरी जुनी माणसं वय सांगताना ‘ॲक्शनच्या साली मी एवढी होते’ असं हात धरून दाखवायची. ही ॲक्शन म्हणजे १९४८ ची पोलीस ॲक्शन, हे शाळेत कळलं. पण रणगाडे आले, विमानं आली, मग ती ‘पोलीस’ कारवाई कशी? आणि दुसरं. अमेरिका, ब्रिटन यांच्या सैन्यात म्हणे बॉम्ब टाकण्याआधी वकिलाला विचारतात, सैनिकाच्या खिशात नियमांचं कार्ड असतं. हे खरं का? असलं काही तेव्हा आपल्याकडे होतं का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नावाचा उलगडा सोपा आहे. युद्ध दोन देशांत होतं, आणि निजामाचं हैदराबाद संस्थान हा वेगळा देश आहे हेच दिल्लीला मान्य नव्हतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला होता. तो दोन्ही बाजूंनी कुरबुरीतच गेला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने आपली तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली. अशा वेळी भारत सरकारने ‘युद्ध’ हा शब्द उच्चारला असता, तर समोरचा वेगळा देश आहे हे आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून घरातला बंदोबस्त, म्हणून पोलीस कारवाई. लष्कराच्या कागदावर तिचं नाव ‘ऑपरेशन पोलो’ होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी फार लांब जावं लागत नाही, कारण ती लढाई पाश्चात्य लष्करी शिक्षणातूनच आली होती. मूळ आराखडा दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल गोडार्ड या इंग्रज अधिकाऱ्याचा. पश्चिमेकडून सोलापूर आणि पूर्वेकडून बेजवाडा, असे दोन मुख्य मारे. सोलापूरकडच्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी सँडहर्स्टला शिकलेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेले. समोर निजामाचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस, पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जाऊन आलेले. दोघांची तालीम एकाच आखाड्यातली.

१३ सप्टेंबरच्या पहाटे फौजा हद्दीत शिरल्या. पहिली चकमक नळदुर्गला झाली. तिथे बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच भारतीय तुकडीने तो धडधाकट अवस्थेत ताब्यात घेतला. तो पडला असता तर रणगाडे नदीकाठी अडकले असते. हा पूल घाईत हाती आलेला नव्हता. कुठला पूल, किती वाजता, कोणत्या तुकडीने घ्यायचा, याचा विचार आधीच झालेला होता. १५ तारखेला गोरखा पलटणीची एक कंपनी जालन्यात ठेवून बाकीचा ताफा लातूरकडे आणि तिथून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला निघाला. १७ ला संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला एल एद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती दिली. पाच दिवस. लष्करी हिशेबाने याहून नेटकं काम क्वचित होतं.

आता त्या जालन्याच्या कंपनीकडे पुन्हा बघा. कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं. एका शहराला एवढीच, कारण ताफ्याला पुढे जायची घाई. मला या सगळ्या कहाणीत सलणारी जागा हीच आहे. पाच दिवसांची तयारी चोख होती, सहाव्या दिवसाची नव्हती.

सहाव्या दिवशी इथे काय होणार याचा अंदाज करायला ज्योतिषी लागत नव्हता. निजामाच्या बाजूने हत्यार घेतलेल्या स्वयंसेवकांचा, म्हणजे रझाकारांचा, म्होरक्या कासीम रझवी हा लातूरलाच वकिली करणारा. त्याच्या टोळ्यांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला निजामविरोधी चळवळीतले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले. लोकांनी दोन वर्षं जे सोसलं त्याचा राग खरा होता, आणि राज्य कोसळल्यावर तो कोणाच्या दारात उतरणार हे गावातल्या पोरालाही कळत होतं. तो रझाकारावर कमी आणि मुसलमान शेजाऱ्यावर जास्त उतरला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते हिंडले. संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ चार जिल्ह्यांना : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर शहरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली आणि दहाएक हजार मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार उरले, असं अहवाल सांगतो. हजारावर मेले, बाकीचे पळाले. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसच लुटीत सामील होते, हेही त्यात आहे. काही हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं, हेही आहे. हा अहवाल सरकारने छापला नाही. कित्येक दशकं तो दप्तरात पडून होता.

माझी आजी लातूरजवळच्या खेड्यातली. माळवदाच्या घरात ज्वारी साठवायचं बळद असायचं, भिंतीआडची अंधारी खोली, आत शिरायला एकच बोळकं. आजी सांगायची, उन्हाळ्यात रझाकार येणार अशी आवई उठली तेव्हा घरातल्या पोरीबाळी त्या बळदात बसवल्या आणि बोळक्याला बाहेरून पोती लावली. सप्टेंबरात पोती पुन्हा काढली. या वेळी आत शेजारचं आतार कुटुंब बसलं. चार महिन्यांत तेच बळद, तीच पोती. तिच्या बोलण्यात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नसत. ती त्या एका दमात सांगायची.

सैन्याच्या लेखी मात्र माणसामाणसांत एक फरक होता. निजामाचा गणवेशातला शिपाई हत्यार ठेवून उभा राहिला की त्याला कैदी म्हणून वागवायचं, हे सैन्याला ठाऊक होतं. तो नियम जुना, हेग करारातला, १९०७ चा. ज्याला गणवेश नव्हता त्या आताराचं, तांबोळ्याचं काय करायचं, याचा नियमच तेव्हा पुरता लिहिलेला नव्हता. तारखा पाहिल्या की जीव हळहळतो. ऑगस्ट १९४८ च्या अखेरीस स्टॉकहोममध्ये रेडक्रॉसच्या परिषदेत नव्या जिनिव्हा करारांच्या मसुद्यांवर चर्चा चालू होती. सामान्य नागरिकांना वाचवणारा चौथा करार त्यात होता. देशाच्या आतल्या लढाईलाही हे नियम लागू व्हावेत, असं सांगणारं कलमही त्यात होतं. परिषद संपल्यावर दोन आठवड्यांत नळदुर्गचा पूल आपल्या हाती आला. करारांवर सह्या झाल्या १२ ऑगस्ट १९४९ ला. भारताने ते १९५० मध्ये मान्य केले आणि त्यासाठी १९६० मध्ये कायदा केला.

आता कार्ड आणि वकील. दोन्ही खरं आहे, पण पुरतं नाही. सैनिकांसाठी लेखी नियमावली अमेरिकेत १८६३ मध्येच निघाली. यादवी युद्ध चालू असताना फ्रान्सिस लीबर या प्राध्यापकाने ती लिहिली आणि लिंकन यांच्या सरकारने ती लागू केली. सेनापतीच्या हाताशी कायद्याचा सल्लागार असावा, हे १९७७ च्या जादा करारात आलं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या वकिलांनी आधी ठरवलेली लक्ष्यं तपासली आणि सैनिकांना खिशातली कार्डं वाटली गेली. पण अचानक गोळीबारात सापडलेल्या शिपायाच्या शेजारी वकील नसतो. त्याच्याजवळ असतं ते तालमीत अंगवळणी पडलेलं तेवढंच. म्हणून कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात फोर्ट अर्विनला खोटी गावं उभारली गेली. तिथे अरबी बोलणारी माणसं दुकानदार, मौलवी, रडणारी आई होऊन वावरत आणि शिपायाला ठरवावं लागे की बंदूक उचलायची की नाही.

आणि कार्ड असूनही काय होतं? उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश शिपायांना गोळी कधी झाडायची ते सांगणारं पिवळं कार्ड दिलं होतं. ३० जानेवारी १९७२ ला डेरी शहरात मोर्चावर गोळीबार झाला, तेरा माणसं त्याच दिवशी गेली. कार्डं खिशातच होती. गेलेल्यांची चूक नव्हती हे सरकारी चौकशीने मान्य करायला २०१० उजाडलं. तेव्हा पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षं हा फार मोठा उशीर आहे. तरी अहवाल छापला गेला आणि लोकांनी तो चौकात उभं राहून ऐकला, हे मी मोठं मानतो. आपला अहवाल कोणत्या चौकात वाचला गेला?

सहाव्या दिवसाची तयारी करता येते, आणि ती झालेलीही आहे. मे १९४२ मध्ये अमेरिकेने व्हर्जिनिया विद्यापीठात लष्करी प्रशासनाची शाळा काढली. जर्मनी पडायला अजून तीन वर्षं होती. तरी तिथे अधिकारी शिकत होते की जिंकलेल्या गावात पाणी कसं सुरू करायचं, धान्य कसं वाटायचं, जुना पोलीस ठेवायचा की काढायचा. त्याच देशाने २००३ मध्ये बगदाद तीन आठवड्यांत घेतलं, आणि शहर लुटलं जात असताना सैनिक बघत राहिले. हजारो वर्षांच्या वस्तू जपणारं राष्ट्रीय संग्रहालय फुटलं. लष्करप्रमुख जनरल शिनसेकी यांनी आधीच सिनेटसमोर सांगितलं होतं की नंतरच्या बंदोबस्ताला काही लाख सैनिक लागतील. त्यांचं ऐकलं गेलं नाही. बगदादच्या त्या बातम्या वाचताना मला लातूरची गंजगोलाई आठवत होती. सोळा रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतात. तिथे उभं राहून प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी चार शिपाई, असा हिशेब केला तरी चौसष्ट माणसं होतात. आणि पाळ्या लावायच्या तर त्याच्या तिप्पट.

प्रश्न : वरिष्ठाने चुकीचा हुकूम दिला तर शिपायाने काय करायचं?
— एक वाचक, निलंगा

उत्तर : न्युरेंबर्गच्या खटल्यांनंतर ‘मला हुकूम होता’ एवढं म्हणून सुटता येत नाही. जर्मनीच्या सैनिक कायद्यात तर स्पष्ट आहे की ज्या हुकमाने गुन्हा घडेल तो पाळायचाच नाही. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यातही शिक्षा आहे ती ‘कायदेशीर’ हुकूम मोडल्याबद्दल. तो एक शब्द फार मोलाचा आहे. पण प्रत्यक्षात किती अवघड, ते ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाकडे बघून कळतं. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावावरून जाताना खाली आपलेच सैनिक बायापोरांना मारताहेत हे त्याला दिसलं. त्याने हेलिकॉप्टर मधोमध उतरवलं आणि आपल्या दोन साथीदारांना सांगितलं, हे आपले लोक गावकऱ्यांवर गोळी झाडू लागले तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. काही जीव वाचले. त्याच्या देशात पुष्कळांनी त्याला वर्षानुवर्षं गद्दार म्हटलं. सैनिकी पदक मिळालं ते १९९८ मध्ये.

प्रश्न : नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात भाई कन्हैयाची गोष्ट ऐकली, शत्रूच्या जखमींना पाणी पाजणारे. मग हे सगळं आपण पाश्चात्यांकडून शिकलो असं का म्हणायचं?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : म्हणू नये. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया दोन्हींकडच्या जखमींना पाणी देत होते. तक्रार गुरू गोबिंदसिंगांपर्यंत गेली. परंपरा सांगते की गुरूंनी त्यांना थांबवलं नाही, उलट जखमांना लावायला मलमाची डबी दिली. सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमींची दैना पाहून हेन्री ड्युनांना रेडक्रॉस सुचली, त्याच्या दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट. मला त्यातली डबी महत्त्वाची वाटते. दयेला सामान लागतं, आणि ते वरिष्ठाने पुरवावं लागतं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना गेलेलं पत्र याच जातीचं आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका, एवढंच त्यातलं लोकांना माहीत असतं. सबंध पत्र वाचलं तर ते कोठीच्या हिशेबाचं पत्र आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवली आहे. ती आताच उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी भाजी, आणि लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून रोजचा शिधा मोजून घ्या. पुढे आगीची काळजी : वैरणीच्या गंजीजवळ चूल नको, हुक्का नको. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळून जाईल.