मित्राच्या आरोग्याचा हक्क : हजरत सलमान (रजि.) यांच्या एका भेटीचा धडा

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत आपल्या सहाबांना बंधुत्वाच्या नात्याने एकमेकांशी जोडले. त्या नात्यात हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) हे परस्परांचे भाऊ झाले. सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये या दोन भावांच्या एका भेटीचा प्रसंग आला आहे. हजरत सलमान (रजि.) भावाच्या घरी गेले. घरातील पत्नीचा साधा, उदास वेष त्यांनी पाहिला आणि कारण विचारले. आपल्या भावाला या जगाची गरजच उरलेली नाही, असे उत्तर त्यांना मिळाले.

यजमानांनी पाहुण्यांसाठी जेवण तयार केले. पण स्वतःचा नफिल रोजा असल्याचे सांगितले. तुम्ही जेवल्याशिवाय मीही जेवणार नाही, असा आग्रह हजरत सलमान (रजि.) यांनी धरला, तेव्हा ते जेवले. रात्री हजरत अबू दरदा (रजि.) नमाजसाठी उठू लागले. पाहुण्यांनी त्यांना झोपायला सांगितले. ते पुन्हा उठले, पुन्हा तेच झाले. रात्रीचा अखेरचा प्रहर आला, तेव्हा हजरत सलमान (रजि.) यांनी स्वतःच त्यांना उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी भावाला समजावले, की पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाचाही आहे आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा हक्क त्याला द्यावा. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी घातली गेली, तेव्हा सलमान खरे बोलले, अशी पावती त्यांनी दिली.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रसंगात उपदेशाच्या आधी काय घडले, ते लक्षात घ्या. हजरत सलमान (रजि.) प्रथम भेटीला गेले. मग त्यांनी पाहिले आणि विचारले. सोबत जेवले, सोबत रात्र काढली आणि बोलले ते सर्वांत शेवटी. आज विद्यापीठांतून ज्याला आरोग्यजागृती म्हणतात, तिचा गाभा हाच आहे. फलक आणि व्याख्याने उपयोगी असतात. परंतु शेजारच्या खाटेवरचा सोबती जेवला की नाही, हे फलकाला दिसत नाही. ते मित्रालाच दिसते.

घरापासून दूर गेलेली मुले

पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे दरवर्षी आपल्या घरांतील हजारो मुले-मुली शिकायला जातात. आईच्या हाताचे जेवण, फजरला उठवणारा वडिलांचा आवाज, आजारपणात कपाळावर येणारा हात, हे सारे एका दिवसात मागे राहते. फोनवर मुलगा म्हणतो, सर्व ठीक आहे. अनेकदा ते खरे असते. कधी कधी मात्र आईच्या जिवाला घोर लागू नये म्हणूनच तो तसे म्हणत असतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते. आजाराची बातमी घरी गेली, तर शिक्षण थांबवून आपल्याला परत बोलावतील किंवा उद्या स्थळ येताना ती आड येईल, या धास्तीने त्या दुखणे लपवतात. ही धास्ती त्यांच्या मनात कोणी घातली, याचा विचार आपण पालकांनी प्रामाणिकपणे केला पाहिजे. ज्या घरात आजार सांगण्याची शिक्षा मिळते, त्या घरात आजार उशिरा कळतो.

शरीराचा हक्क

आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक नुकसानीत राहतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. विद्यार्थिदशेत या दोन्ही देणग्या असतात आणि दोन्ही नकळत खर्ची पडतात.

पहिली गोष्ट झोपेची. तरुणांना रात्री किमान सात तास झोप हवी. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे कामही झोपेतच होते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी मिळवतो त्यापेक्षा अधिक गमावतो. इशाच्या नमाजनंतर गप्पांत वेळ घालवणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. आजच्या गप्पा मोबाइलच्या पडद्यावर रंगतात, एवढाच फरक. इशानंतर मोबाइल खाटेपासून दूर ठेवला, तर झोप आणि फजर दोन्ही साधतात.

दुसरी गोष्ट अन्नाची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणे, सतत थकवा, चक्कर, अभ्यासात लक्ष न लागणे, यांना आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो रक्तातील लोहाचा अभाव असतो. हिमोग्लोबिनची तपासणी साधी आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मांस, कलेजी, मसूर, हरभरा, पालेभाज्या यांतून लोह मिळते. वर लिंबू पिळल्यास डाळी-भाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र ते अडवतो. वसतिगृहात चहा आणि खारीवर दिवस काढणाऱ्या मुलीला हे एक वाक्य सांगणे हीसुद्धा सेवा आहे.

तिसरी गोष्ट खोकल्याची. एका खोलीत चार-पाच जण दाटीने राहतात, तेथे क्षयरोग सहज पसरतो. दोन आठवडे किंवा अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, घटते वजन ही लक्षणे दिसल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. बरे वाटू लागले म्हणून तो मध्येच सोडल्यास त्याच औषधांना न जुमानणारा रोग मागे लागू शकतो. उपचार करावा की नाही, असे विचारणाऱ्या ग्रामीण अरबांना प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि अल्लाहने रोगाबरोबर इलाजही उतरवला असल्याचे समजावले. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर विसंबावे, ही शिकवणही त्यांचीच. म्हणून औषध घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही; ते तवक्कुलचे पहिले पाऊल आहे.

मनाचे दुखणे आणि ईमान

सर्वांत जास्त चूक आपल्या हातून येथे होते. मुलगा अनेक आठवडे गप्प असतो, झोपत नाही, जेवत नाही, कशातच रस घेत नाही. आपण म्हणतो, तुझा ईमान कमजोर झाला आहे, नमाज पढ, सर्व ठीक होईल. नमाज आणि दुआ मनाला आधार देतात, यात शंका नाही. परंतु दुःखी माणसाच्या ईमानवर बोट ठेवले, की तो दुसऱ्यांदा घायाळ होतो आणि पुढच्या वेळी काही सांगत नाही.

दिव्य कुरआनकडे पाहा. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके व्याकूळ झाले, की त्यांचे डोळे पांढरे पडले, असे सूरह यूसुफमध्ये आले आहे. प्रसूतीच्या वेदनेत, एकाकी अवस्थेत हजरत मरयम (अ.) यांच्या तोंडून, याआधीच मरण आले असते तर बरे, असे उद्गार निघाले. अल्लाहने त्यांना दोष दिला नाही. त्यांना धीर देण्यात आला, पायांजवळ पाण्याचा झरा दाखवण्यात आला, खजूर खाण्यास सांगण्यात आले. दुःखी जिवाला प्रथम धीर, पाणी आणि अन्न देण्यात आले, हे आपण ध्यानात ठेवावे.

एखादा मित्र जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. मनात जीव देण्याचा विचार येतो का, असे त्याला शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट ओझे हलके होते. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही समुपदेशकाशी बोलता येते. जिवाला तात्काळ धोका असेल, तर जवळचे रुग्णालय गाठावे. प्रकरण पोलिसांत जाईल या भीतीने कोणी रुग्णाला घरात लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे सरकारचे कर्तव्य ठरते.

मित्राने सांगितलेले गुपित ही अमानत आहे. ते चारचौघांत बोलू नये. मात्र गुपित पाळल्याने जीव जाणार असेल, तर विश्वासू प्राध्यापकाला, वसतिगृहाच्या अधीक्षकांना किंवा घरच्यांना सांगावेच लागेल. जीव वाचवणे ही त्याहून मोठी अमानत आहे. तसेच, मित्राने वैद्य होऊ नये. त्याचे काम दारापर्यंत सोबत जाण्याचे; आतले काम जाणकारांचे.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, आठवड्यातून एक जेवण अशा सोबत्याबरोबर घ्या, जो हल्ली एकटा जेवतो. तो कोणत्या धर्माचा आहे, हे पाहू नका. महाविद्यालयाचा दवाखाना आणि समुपदेशकाची खोली कोठे आहे, हे आजच माहीत करून घ्या. गरज पडते त्या दिवशी शोधण्याचे बळ नसते.

पालकहो, फोनवर गुणांची चौकशी करण्याआधी झोपेची आणि जेवणाची चौकशी करा. आजारी पडलास तर आम्ही रागावणार नाही आणि तुझे शिक्षणही थांबवणार नाही, हे मुलाला आणि मुलीलाही स्पष्ट शब्दांत सांगा. मशिदींच्या जबाबदार मंडळींनी शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची विचारपूस करावी आणि जुमाच्या खुतब्यातून या विषयावर महिन्यातून एकदा तरी बोलावे.

हजरत अबू दरदा (रजि.) काही वाईट करीत नव्हते. ते रोजे ठेवत होते, नमाज पढत होते. तरीही त्यांच्या घरात काहीतरी सुटले होते आणि ते पाहायला एक भाऊ यावा लागला. आपली मुलेही वाईट काही करीत नसतात. ती अभ्यास करीत असतात. त्यांच्याकडे कोणी जाते का, एवढाच प्रश्न आहे.

अल्लाह आपल्या मुलांच्या शरीराला आणि मनाला आफियत देवो आणि आपणा सर्वांना एकमेकांचे सलमान होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.