जिल्ह्याच्या पाण्याची वाट : भूगोलाच्या सहलीचा एक पाठ

प्राथमिक शाळेच्या भूगोलात पर्वत, नदी, धरण, वन्य प्राणी आणि समुद्रकिनारा ही प्रकरणे एकामागून एक येतात, आणि मुले ती सुटीसुटी पाठ करतात. पर्वताचा नदीशी, नदीचा पक्ष्यांशी व या सर्वांचा समुद्राशी काही संबंध आहे, हे त्यांच्या ध्यानात क्वचितच येते. सहलीचा विचार निघाला म्हणजे महाबळेश्वर, कोकण किंवा फारच हौस असल्यास केरळ अशी नावे पुढे होतात; खर्चाचा आकडा पाहिल्यावर तो विचार तेथेच संपतो आणि प्रकरण पुन्हा फळ्यावरच शिकविले जाते. वास्तविक नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही एवढे एक उणे सोडले, तर या प्रकरणांतील बहुतेक सारे येथे एकाच पाण्याच्या वाटेवर पाहावयास मिळते. ती वाट मुलांकडून कशी शोधून घ्यावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

आरंभ डोंगरापासून करावा. 'जलविभाजक' हा शब्द पाठ्यपुस्तकात वाचून मुलांस काहीच बोध होत नाही. परंतु कौलारू घराचे आढे त्यांनी पाहिलेले असते. आढ्याचे पाणी वळचणीला, ही म्हणही त्यांच्या कानांवरून गेलेली असते. आढ्याच्या एका अंगाला पडलेली सर पुढच्या अंगणात उतरते, दुसऱ्या अंगाची परसात जाते. त्या दोन सरी आकाशातून मात्र शेजारी-शेजारीच आलेल्या असतात. सह्याद्री हे असेच नाशिक जिल्ह्याचे आढे होय. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी सुमारे १३०० मीटर उंच आहे. तेथे उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडे वळते आणि १४६५ किलोमीटरांचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. अरबी समुद्र तेथून सरळ रेषेत अवघ्या ८० किलोमीटरांवर आहे. जवळचा समुद्र सोडून त्याच्या अठरापट दूरचा रस्ता नदी का धरते, हा प्रश्न शिक्षकांनी विचारावा व उत्तर लगेच सांगू नये. ओल्या वाळूत बोटांनी डोंगर उठवून त्यावर तांब्याने पाणी ओतले, म्हणजे चौथीतला मुलगाही उत्तर स्वतः शोधून काढतो.

पश्चिमेच्या उताराची हकीकत थोडक्यात सांगता येते. त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेस उतरते. तिच्यावरील धरणांचे पाणी मुंबईस जाते, आणि उरलेली नदी अर्नाळ्याच्या किल्ल्याजवळ समुद्रास मिळते. दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा दमणला समुद्र गाठते. सुरगाण्याकडच्या नार आणि पार गुजरातेत जातात. कळवणच्या बाजूची गिरणा मात्र खानदेशात उतरून तापीला मिळते व फार मोठा वळसा घेऊन अरबी समुद्रास पोहोचते. पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील शाळांनी हा भाग विशेष आस्थेने शिकवावा. कारण शाळेमागचा ओहोळ कोणत्या समुद्रास जातो, हे तेथील मुले स्वतः चालत जाऊन ठरवू शकतात. ज्यांना समुद्र दाखविता येत नाही, त्यांनी समुद्राकडून येणारा पाऊस दाखवावा. नैर्ऋत्येचे ढग आढ्याला अडतात, म्हणून इगतपुरीस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि त्याच जिल्ह्यात येवला-नांदगावकडे तो पाचशे-सहाशेच्या घरात येतो. एकाच जिल्ह्यात कोठे भात पिकतो आणि कोठे बाजरी, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

आता पूर्वेकडे वळावे. गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात येते आणि नांदूर मध्यमेश्वर येथे तिला कादवा मिळते. या संगमाजवळ दगडी बंधारा आहे. त्याचे काम १९०७ साली सुरू झाले. बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी गोदावरीचे डावा व उजवा असे कालवे निघतात, आणि त्यांच्या पाण्यावर निफाड, येवला व पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेते भिजतात. अलीकडच्या काळात येथूनच निघालेला जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे जातो. नदी अडली म्हणजे तिचे पाणी मागे पसरते. शेतकरी त्यास फुगवटा म्हणतात. प्रवासी लोक केरळातील वेंबनाडसारख्या जलाशयांस 'बॅकवॉटर' म्हणतात आणि धरणामागच्या पाण्यासही तेच नाव देतात, त्यामुळे मुलांचा घोटाळा होण्याचा संभव असतो. केरळात समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याआड नद्यांचे गोडे व समुद्राचे खारे पाणी एकत्र नांदते. ते निसर्गाचे काम आहे. नांदूरचा फुगवटा माणसाच्या हातून झाला आहे आणि त्यात मिठाचा कणही नाही.

येथे एक मौज अशी घडली, की बंधाऱ्याचा जो दोष तोच पुढे त्याची कीर्ती ठरला. वाहत्या पाण्यात माती तरंगत जाते. पाणी संथ झाले की ती खाली बसते. काचेच्या बरणीत गढूळ पाणी ढवळून ठेवून हा प्रयोग वर्गात अवश्य करावा: आधी वाळू बसते, मग बारीक माती, आणि अतिबारीक कण दुसऱ्या दिवशीपर्यंत तरंगत राहतात. नांदूरच्या बंधाऱ्यामागे हाच प्रयोग शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. गाळ साचून उंचवटे झाले, बेटे झाली, आणि त्यांच्यामध्ये गुडघाभर-कंबरभर पाण्याचे विस्तीर्ण पाणथळ तयार झाले. साठवणीच्या दृष्टीने हे मोठे नुकसानच. परंतु उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. प्रकाशाने पाणवनस्पती वाढतात, त्यांवर गोगलगाई, किडे व मासे पोसतात, आणि या भरल्या ताटाकडे पक्षी येतात. खोल धरणाच्या मध्यावर इतके पक्षी नसतात, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या स्थळास महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळही मूळचे मनुष्यनिर्मितच आहे, म्हणून ही उपमा दुहेरी अर्थाने शोभते. १९८६ साली नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य घोषित झाले. इराणमध्ये कास्पियन समुद्राकाठी रामसर नावाचे गाव आहे. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारानुसार होणाऱ्या यादीत महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरचे नाव जाहीर झाले. त्याच वर्षी पुढे लोणारच्या सरोवराचा समावेश झाला.

येथे दोनशे चाळीसहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. मुलांकडून नावांची लांब यादी पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी चोच आणि पाय पाहावयास शिकवावे. चमचा हा पांढरा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतो व काही लागताच ती मिटतो. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातो. स्वयंपाकघरातील गाळणीचेच काम ते. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीत मध्ये फट असते, आणि गोगलगाय हे त्याचे मुख्य अन्न. शेकाट्याचे लांब तांबडे पाय पाहून मुले हसतील. त्यांना हसू द्यावे, मात्र एवढे उंच पाय कशासाठी, हेही मग विचारावे. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी येथे थव्याथव्याने दिसतो. त्यास वारकरी हे नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण ठेवणाऱ्याची दृष्टी चांगली होती.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस उन्हाळा मंगोलिया, तिबेट व लडाखच्या बाजूस घालवितो, तेथेच अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी हिमालय ओलांडून दक्षिणेस येतो. निफाडच्या शिवारात उतरणाऱ्या पक्ष्याने जगातील सर्वांत उंच पर्वत पार केला आहे, ही गोष्ट नकाशावर दोरा लावून दाखवावी. चक्रवाक व क्रौंच ही नावे मुलांनी जुन्या कथांत ऐकलेली असतात. ते पक्षी खरोखरीचे आहेत, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो शिक्षकांनी चुकवू नये.

तथापि हे केवळ रम्य स्थळ म्हणून दाखवून परत येणे पुरेसे नाही. या पाण्यावर अनेकांचा हक्क आहे. दारणा व गंगापूर धरणांतून सोडलेले आवर्तन नदीतून येथे येते व पुढे पाटाने जाते. आवर्तन चालू असता फुगवटा भरलेला असतो; ते संपले म्हणजे पाणी ओसरते आणि चिखल उघडा पडतो. चिखल टोचून खाणाऱ्या तुतवारासारख्या पक्ष्यांची तेव्हा चंगळ होते, पोहणारी बदके मात्र खोल पाण्याकडे सरकतात. कालव्याच्या शेवटच्या टोकावरचा शेतकरी म्हणतो, गाळ काढा म्हणजे साठा वाढेल. पक्ष्यांचा अभ्यासक म्हणतो, सगळा गाळ गेला तर उथळ पाणी जाईल आणि पक्षीही जातील. काठावरच्या शेतकऱ्याच्या गव्हा-हरभऱ्यात क्रौंच उतरले, तर त्याचे नुकसान होते. ते लटके नव्हे. शहरांतील सांडपाणी नदीत मिसळते आणि त्यावर पोसलेली पाणवेल फुगवट्यापर्यंत वाहत येऊन पाणी झाकून टाकते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती शेतकरी, मच्छीमार व पक्षी या तिघांचीही वैरीण आहे. जायकवाडीच्या वाटपाचा वाद तर वर्तमानपत्रांतून मुलांच्या घरी नेहमीच पोहोचतो. वर्गात या प्रश्नाचा निकाल शिक्षकांनी देऊ नये. मुलांचे चार गट करून एकाला शेतकरी, दुसऱ्याला मच्छीमार, तिसऱ्याला पैठणकडील गावकरी आणि चौथ्याला पक्षी करावे व प्रत्येकाला आपली बाजू मांडावयास लावावे. पक्ष्याची बाजू मांडणारा गट बहुधा सर्वांत अधिक बोलतो.

गणितासही येथे वाव आहे. पावसाळ्यात 'नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग' अशी बातमी रोज येते, आणि ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिचा अर्थ कळतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला असता एका क्युसेकने दिवसभरात सुमारे साडेचोवीस लाख लिटर पाणी जाते, म्हणजे दहा हजार लिटरांचे २४५ टँकर. ज्या गावास उन्हाळ्यात टँकर येतो, तेथील मुलांस हे उदाहरण निराळ्या तऱ्हेने समजते.

सहलीच्या तयारीविषयी थोडेसे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; सूर्योदयाच्या सुमारास पोहोचता येईल असे निघावे, कारण ऊन चढल्यावर पक्षी दूर जातात व नजरही दिपते. चापडगावच्या बाजूस वन विभागाचे निरीक्षण-मनोरे आहेत. परवानगी व प्रवेशाची चौकशी आधी करावी. कपडे मळखाऊ असावेत, भोंगे व गाणी गाडीतच राहू द्यावीत. बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा गाळाच्या बेटांवर मुलांस जाऊ देऊ नये. वरून कोरडा दिसणारा गाळ आत मांडीभर खचतो, आणि आवर्तन सुटल्यावर पाणी बोलावून येत नाही. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. दूरबीण एकच असली तरी चालते, पण पाळी लावून द्यावी. न लावल्यास ती दोन धीट मुलांच्या हातीच राहते.

प्रत्येक मुलाने वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि पाहिलेल्या पाचच पक्ष्यांची चित्रे काढावीत. पाण्याची पातळी एखाद्या ठराविक दगडाशी किंवा खांबाशी ताडून लिहावी. या वह्या वर्षाअखेर रद्दीत न घालता शाळेच्या कपाटात ठेवाव्यात, म्हणजे पुढील वर्षीच्या वर्गाला त्याच दगडाशी पाणी पुन्हा मोजता येईल.