संवादातील बोलभाषिक वाक्प्रचार आणि परभाषी वाचक : ‘पिग्मॅलियन’मधील एका प्रसंगाच्या आधारे

इंग्रजी कथात्म व नाट्य साहित्य मुळातून वाचणाऱ्या मराठी अभ्यासकाची अडचण अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दांमुळेच अधिक होते. निवेदनातील अवघड शब्दासाठी तो कोश उघडतो. संवादातील सोपा शब्द मात्र ओळखीचा वाटल्यामुळे कोशात पाहिलाच जात नाही, आणि वाक्य समजल्याच्या भ्रमात अर्थ निसटतो. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ (प्रथम प्रयोग व्हिएन्ना, 1913, लंडन, 1914) या नाटकाच्या तिसऱ्या अंकातील प्रसंग या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

फुले विकणारी एलायझा हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात येते. तिचे उच्चार आता निर्दोष झालेले आहेत. वाक्प्रचार मात्र जुन्या वस्तीतलेच आहेत. मावशी इन्फ्लुएंझाने गेली असे लोक म्हणत असले, तरी तिला कोणीतरी मारले, असा संशय ती सांगते. त्यासाठी ती ‘डू इन’ हा प्रयोग करते. मावशीची नवी टोपी ‘पिंच’ झाली, असेही ती म्हणते. ‘डू’, ‘इन’ आणि ‘पिंच’ हे तिन्ही शब्द शालेय विद्यार्थ्यास ठाऊक असतात. तरीही ‘पिंच’ म्हणजे चिमटा एवढेच जाणणाऱ्या वाचकाला येथे चोरी दिसत नाही, आणि ‘आत करणे’ या शब्दार्थातून खून निष्पन्न होत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, दिवाणखान्यातील एका इंग्रज स्त्रीलाही ‘डू इन’ उमगत नाही. ती अर्थ विचारते, आणि हिगिन्स ही संभाषणाची नवी तऱ्हा असल्याची बतावणी करून तो सांगतो. म्हणजे वाक्प्रचार न कळणे हे केवळ परभाषिकत्वाचे लक्षण नव्हे. ते भिन्न सामाजिक स्तराचेही लक्षण असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. त्याने विचारलेला प्रश्न नाटककाराने पात्राच्याच तोंडी घातलेला आहे.

अर्थ कळल्यानंतरही स्तराचा प्रश्न उरतो. ‘डू इन’साठी ‘काटा काढणे’ हा मराठी पर्याय अर्थाने जवळचा आहे. परंतु तो लेखी भाषेतही सहज वावरतो, त्यामुळे दिवाणखान्यातील धक्का त्यातून पोहोचत नाही. ‘खपवणे’ हे क्रियापद त्या पातळीच्या अधिक जवळ जाते. त्याचप्रमाणे ‘पिंच’ला ‘चोरणे’पेक्षा ‘ढापणे’ अधिक शोभते. शिवाय ‘डन इन’ हाच प्रयोग ‘थकून गळून गेलेला’ या अर्थीही येतो. तेथे संदर्भाखेरीज निर्णय होत नाही.

याच प्रसंगाच्या शेवटी येणाऱ्या ‘ब्लडी’ या शब्दाची गोष्ट उलट आहे. त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो. हरवते ते त्याचे वजन. 1914 मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याने खळबळ उडवली होती. 1956 च्या ‘माय फेअर लेडी’ या संगीत रूपांतरात मात्र तसाच धक्का देण्यासाठी अन्य शब्द योजण्यात आला. वाक्प्रचाराचा कोशार्थ टिकला, तरी त्याचा सामाजिक परिणाम काळानुसार झिजतो, हे यावरून दिसते.

म्हणून संवादाच्या अध्यापनात अर्थाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : कोण बोलतो, कोणापुढे बोलतो आणि ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया काय होते. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा संहितेतच असते. त्यासाठी पुढची दोन-चार वाक्ये वाचण्याचा धीर हवा. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (1975) रचताना इंग्रजी वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर न करता मराठीतीलच भाषास्तरांच्या अंतरावर नाटक उभे केले. रूपांतरकाराला जे अंतर निर्माण करावे लागते, ते वाचकाला निदान ओळखता आले पाहिजे.