बांधावरचे बीळ

पुणे शहराच्या पश्चिमेस मावळ व मुळशी हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. येथे पाऊस भरपूर पडतो. म्हणून येथील मुख्य पीक भाताचे. पुण्याच्या बाजारात मानाने विकला जाणारा सुवासिक आंबेमोहोर तांदूळ याच भागातून येतो. पावसाळ्यात येथील भातखाचरे पाण्याने तुडुंब भरतात. हे पाणी धरून ठेवतो कोण? खाचराभोवती घातलेला मातीचा साधा बांध! बांध आहे तोवर पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर भात आहे.

पण कधी कधी एक विचित्र गोष्ट घडते. काल भरलेले खाचर आज रिते दिसते. पाऊस थांबलेला नसतो, बांधही वरून जसाच्या तसा उभा असतो. मग पाणी गेले कोठे? शेतकरी बांधाच्या कडेने वाकून पाहू लागतो, तेव्हा गवताच्या आड त्याला एक बीळ आढळते. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीचा लहानसा ढीग असतो. चोर सापडला! तो असतो लहान जातीची घूस.

ही घूस म्हणजे उंदराच्याच कुळातील प्राणी. तिला पाण्याचे भय नाही. ती उत्तम पोहते. खाचरात पाणी साचले, की कोरडी जागा म्हणून ती बांधाचा आश्रय घेते आणि त्याला आतून पोखरते. तिच्या बिळाला अनेक वाटा व अनेक तोंडे असतात. आत राहण्याची खोली निराळी आणि कोठाराची निराळी. भाताच्या लोंब्या दाण्यांनी भरल्या, की ती त्या कुरतडून आत ओढून नेते आणि कोठारात साठविते. तिला एका वेळी सात-आठ पिले होतात. म्हणजे एका बिळाची दहा बिळे होण्यास फारसा काळ लागत नाही. अशा रीतीने शेतकऱ्याचे दाणे जातात आणि पाणीही जाते.

या चोराचा माग काढण्यात कातकरी लोक मोठे निष्णात आहेत. त्यांची वस्ती मुख्यतः रायगड व ठाणे या भागांत असली, तरी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांतही त्यांच्या वाड्या आहेत. भाताची कापणी झाली, की ते बांधांवरून हिंडू लागतात. ज्या बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे दिसते, ते ओसाड आहे हे ते ओळखतात. ज्याच्या तोंडाशी भुसभुशीत, ओलसर माती असते, तेथे घूस नांदत असते. मग एकेक करून बिळाची सारी तोंडे शोधावयाची; दोन राखून बाकीची दगडमातीने बुजवावयाची; एका तोंडाशी गवताचा धूर करावयाचा आणि दुसऱ्या तोंडाशी दबा धरून बसावयाचे. धुराने गुदमरलेली घूस बाहेर पडते, तोच ती पकडली जाते! कधी बीळ सरळ खणूनच काढतात. घुशीचे मांस हे कातकऱ्यांचे अन्न आहे, आणि कोठारातील दाणेही त्यांच्या घरी जातात. शेतकऱ्याचे नुकसान टळते आणि कातकऱ्याच्या चुलीवर भांडे चढते.

असाच एक उद्योग जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडात चालतो. तेथील तळ्यांत व दलदलीत मस्करॅट नावाचा प्राणी राहतो. त्याच्या अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास येतो.  हिवाळ्यात तळी गोठतात, पण बर्फाखालून त्याची ये-जा चालूच असते, कारण त्याच्या घराचे दार पाण्याखाली असते. पारधी बर्फ फोडून नेमका त्या वाटेवर सापळा लावतो. त्याला हवी असते ती त्या प्राण्याची ऊबदार लव.

१९०५ साली युरोपात प्राग शहराजवळ असे काही थोडे मस्करॅट मुद्दाम आणून सोडण्यात आले. ते भराभर वाढले आणि देशोदेशी पसरत अखेर हॉलंडपर्यंत पोहोचले. हॉलंडचा सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीखाली आहे. तो देश बांधांच्याच आधाराने उभा आहे. तेथे हा प्राणी बांध पोखरू लागला, तेव्हा केवढा धोका निर्माण झाला असेल! मातीचा बांध फुटल्यावर काय होते, हे पुणेकरांना सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या मातीच्या धरणाचा भराव खचला, धरण फुटले आणि पुण्याचे पेठांतले संसार मुठेच्या पुरात वाहून गेले. त्या दुर्घटनेचे कारण निराळे होते. परंतु पाण्यापुढे मातीचा धीर एकदा सुटला, की तो पुन्हा बांधता येत नाही, हे तिने दाखविले. म्हणूनच हॉलंडमध्ये मस्करॅट पकडण्यासाठी पगारी माणसे नेमलेली आहेत. बांधाचे रक्षक म्हणून त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते.

आता कातकऱ्याकडे पाहावे. खैराच्या लाकडापासून कात काढणारा, तो कातकरी. १८७८ च्या कायद्याने जंगलांवर सरकारी निर्बंध वाढले आणि त्याचा हा परंपरागत धंदा हळूहळू बुडाला. आज अनेक कातकरी कुटुंबे वर्षातील काही महिने घरदार सोडून वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर राबतात. त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. ‘उंदीर खाणारे’ म्हणून काही लोक त्यांना हिणवितात. हॉलंडमध्ये ज्या कामाला वेतन आणि मान मिळतो, तेच काम येथे करणाऱ्याच्या वाट्याला उपहास का यावा?

काही शेतकरी घुशींसाठी विषारी आमिष ठेवतात. पण विषाला शत्रू-मित्र कळत नाही. बांधावर चरणारी कोंबडी किंवा दाणे टिपणारे पाखरूही त्याला बळी पडते. घुबड आणि धामण हे तर शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार. त्यांना मारणे म्हणजे आपल्याच हाताने घुशींची वाढ करणे होय. कातकऱ्याची रीत मात्र ज्याला पकडावयाचे त्यालाच पकडते. अर्थात हे कसबी माणसाचे काम आहे. बिळात कधी सापही असतो, आणि उंदीर-घुशींच्या मुत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग होऊ शकतो. म्हणून मुलांनी बिळात कधीही हात घालू नये.

ज्ञान केवळ पुस्तकात नसते. मातीचा ओलावा पाहून बिळात कोण आहे हे सांगणारी नजर, हेही ज्ञानच होय. ते ज्याच्यापाशी आहे, त्याचा आदर करणे हे सुशिक्षितपणाचे पहिले लक्षण आहे.

शब्दार्थ
रिते – रिकामे. निष्णात – तरबेज. लव – अंगावरील मऊ केस. कसबी – कुशल. उपहास – थट्टा, टवाळी.

प्रश्न
१. घुशीमुळे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान कसे होते?
२. घूस राहत असलेले बीळ कातकरी कसे ओळखतात?
३. हॉलंडमधील बांधाचे रक्षक आणि आपल्याकडील कातकरी यांच्या स्थितीत कोणता फरक आहे? तो तुम्हांला योग्य वाटतो काय? का?