पुढारी आणि त्याचा हिशेब

शास्त्रपाठ : २ राजे १२:४-१५, २ करिंथ ८:१६-२४
पाठांतरासाठी वचन : लूक १६:१०
पाठाचा हेतू : पुढाऱ्याची सचोटी केवळ त्याच्या मनात असून भागत नाही, ती लोकांना तपासून पाहता आली पाहिजे, हे समजून घेणे, आणि चूक लहान असतानाच ती उघड करण्याचे धैर्य देवाकडे मागणे.



हैदराबाद शहर मराठवाड्यातील जुन्या मंडळींना परके नाही. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे नामपल्लीचे रेल्वे स्टेशन आणि तेथे दरवर्षी भरणारे मोठे प्रदर्शन यांची नावे पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असतील. ह्याच नामपल्लीत शहराची फौजदारी न्यायालये आहेत. २००९ सालानंतर कित्येक वर्षे ह्या न्यायालयांचा उल्लेख देशभरच्या वृत्तपत्रांत वारंवार येत होता. निमित्त होते ‘सत्यम्’ कंपनीचे. आजचा पाठ आपण तेथूनच सुरू करू.

१. एका पत्राची गोष्ट

सत्यम् कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी १९८७ साली हैदराबादेत सुरू झाली. वीस वर्षांत ती देशातील अगदी मोठ्या संगणक कंपन्यांत गणली जाऊ लागली. सुमारे ५३,००० माणसे तेथे नोकरीस होती. तिचे संस्थापक रामलिंग राजू यांना शहरात मोठा मान होता. खेड्यापाड्यांच्या सेवेसाठी त्यांच्या घराण्याने संस्था काढली होती, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ साली त्यांच्याच पुढाकाराने आंध्र प्रदेशात सुरू झाली. २००८ साली कंपनीला उत्तम कारभाराबद्दल एक नामांकित पुरस्कारही मिळाला.

७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी आपल्याच संचालक मंडळाला पत्र लिहिले. कंपनीच्या ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक म्हणून दाखविलेल्या रकमेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात अस्तित्वातच नाहीत, असे त्यांनी त्यात कबूल केले. एका तिमाहीचा कामकाजातील नफा ६४९ कोटी दाखविला होता. खरा होता फक्त ६१ कोटी. हे सारे कसे घडले, तेही त्यांनी सांगितले. आरंभी खरा नफा आणि पुस्तकातील नफा यांत थोडेसेच अंतर होते. ते वर्षानुवर्षे वाढत गेले. आपण वाघावर बसलो आहोत, आणि उतरलो तर तो खाईल, अशी आपली गत झाली होती, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले.

त्या एकाच दिवसात कंपनीचा शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांपर्यंत कोसळला. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली होती, त्यांची झोप उडाली. हजारो तरुण नोकरदार पुढच्या पगाराच्या काळजीत पडले. सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले, आणि एप्रिल २००९ मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीकडे सोपविण्यात आली. तो पुरस्कारही काढून घेण्यात आला. पुढे ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. त्यांत संस्थापक होते, त्यांचे भाऊ होते, बाहेरचे दोन हिशेब तपासनीस होते आणि कंपनीचेच काही कर्मचारी होते. निकालावर अपील झाले आणि मे २०१५ मध्ये शिक्षा स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. न्यायाचा भाग न्यायालयाचा आहे. कोणाला दगड मारणे हा आपला हेतू नाही. आपल्याला पाहायचे आहे ते त्या पहिल्या थोड्याशा अंतराकडे.

२. थोडेसे अंतर

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका तरुण संघाचा खजिनदार होतो. हंगाम सणाची वर्गणी माझ्या घरी पाकिटात ठेवलेली होती. त्या महिन्यात पगार लांबला आणि घरमालक दारात उभा राहिला. मी पाकिटातून भाड्यापुरते पैसे काढले. आठ दिवसांनी पगार झाला आणि पै न् पै परत ठेवली. कोणाला काही कळले नाही, कोणाचे काही बुडाले नाही. परंतु ते आठ दिवस मंडळीतील एका वडिलांना समोरून येताना पाहिले की मी रस्ता बदलत असे. आणि खरे सांगायचे तर, दोन महिन्यांनी पुन्हा अडचण आली तेव्हा माझा हात पूर्वीइतका कचरला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो, आणि त्याच वडिलांकडे जाऊन सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, “उद्यापासून पैसे दोघांनी मोजायचे, आणि कोणाच्याही घरी ठेवायचे नाहीत. तुझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तुला सोपे जावे म्हणून.”

पाच हजार कोटी आणि एका महिन्याचे भाडे यांची तुलना होत नाही, असे कोणी म्हणेल. रकमेची होत नाही, पण वाटेची होते. दोन्हीकडे मनुष्य स्वतःला एकच गोष्ट सांगतो: ‘पुढच्या वेळी भरून काढू.’ लूक १६:१० मध्ये प्रभू थोडक्याविषयी आणि पुष्कळाविषयी एकत्र बोलतो, ह्याचे कारण हेच असावे. थोडक्यात बिघडलेली सवय पुष्कळात आपोआप सुधारत नाही.

अंतर लहान असते तेव्हा ते कबूल करायला एक संध्याकाळ पुरते. मोठे झाल्यावर कबुली देणारा एकटा बुडत नाही. त्याच्याबरोबर हजारो बुडतात. सेबीच्या तपासात साडेसात हजारांहून अधिक खोटी बिले आढळली. म्हणजे एक खोटे सांभाळण्यासाठी हजारो वेळा खोटे लिहावे लागले, आणि ते लिहिण्यासाठी हाताखालच्या माणसांनाही त्यात ओढावे लागले. पुढाऱ्याचे पाप एकट्याचे राहत नाही, ते असे.

३. पेटी आणि दोन माणसे

आता २ राजे १२ उघडा. योआश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा जमविण्याचे काम याजकांकडे दिले. तेविसाव्या वर्षापर्यंत मोडतोड तशीच राहिली. याजकांनी पैसे खाल्ले, असे शास्त्र म्हणत नाही. पैसा कोठे जातो हे कोणालाच नीट दिसत नव्हते, एवढेच त्यातून कळते. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे येऊन पैसे मोजत. एक दरबारचा मनुष्य, एक मंदिराचा. त्यानंतर काम झाले.

येथे वर्गात कोणीतरी पंधराव्या वचनाकडे बोट दाखवील. तेथे लिहिले आहे की ज्यांच्या हाती मजुरीचे पैसे देत, त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते विश्वासूपणे वागत. ‘मग आमच्या खजिनदारांकडे हिशेब का मागता? विश्वास नाही काय?’ हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नेहमी निघतो, आणि बहुधा तो मोठ्या आवाजात विचारला जातो. शिक्षकांनी तो टाळू नये. दोन गोष्टी दाखवाव्या. पहिली, पैसा त्या माणसांच्या हाती जाण्यापूर्वी दोघांनी मोजलेला होता; रक्कम ठाऊक होती, आणि काम उभे राहताना सर्वांना दिसत होते. दुसरी, ते विश्वासू आहेत ही साक्ष इतरांनी दिली आहे. ‘मी विश्वासू आहे, मला विचारू नका,’ असे ते स्वतः म्हणत नाहीत.

दुसऱ्या शास्त्रपाठात पौल ह्याच्याही पुढे जातो. यरुशलेमेतील गरिबांसाठी मंडळ्यांनी मोठी रक्कम जमविली होती. पौल प्रेषित होता. ‘माझ्याकडे द्या, मी पोहोचवतो,’ असे तो म्हणू शकला असता. परंतु तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेले बंधू त्याने घेतले, आणि कारणही उघड सांगितले: एवढ्या मोठ्या देणगीविषयी कोणी दोष लावू नये, आणि आपले वागणे प्रभूसमोर तसेच माणसांसमोरही चांगले असावे (वचने २०-२१). ‘देव माझे अंतःकरण जाणतो’ हे आपले नेहमीचे उत्तर. पौलाला तेवढे पुरेसे वाटले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंच्या कामाला आधार देण्यासाठी १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले; मदत दहा वर्षे द्यावयाची असे ठरले होते. ती मुदत संपल्यावर बाई १८९८ साली पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि देणाऱ्यांसमोर स्वतः उभ्या राहून त्यांनी कामाचा वृत्तांत दिला. तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर पसरली होती. कीर्ती आहे म्हणून हिशेब नको, असे त्यांनी मानले नाही.

सत्यम् प्रकरणात नेमके हेच हरवले होते. तपासनीस होते, संचालक होते, पुरस्कार होता. पण बँकेतील ठेवी खरोखर आहेत की नाहीत, हे बँकेकडूनच नीट पडताळून पाहणे झाले नाही. नाव मोठे होते, म्हणून प्रश्न लहान वाटले. २०१३ च्या कंपनी कायद्याने पुढे असा नियम घातला की ठराविक प्रकारच्या कंपन्यांत एकच तपासनीस संस्था सलग दहा वर्षांपेक्षा अधिक राहू नये. आपल्या कितीतरी मंडळ्यांत एकच खजिनदार वीस-वीस वर्षे असतो आणि त्याचा हिशेब तपासणारे त्याचे मेहुणे असतात! तो खजिनदार देवभीरू असेलही. मग त्याच्यावर कधी खोटा आळ आला, तर त्याला वाचविणारा कागद कोठे आहे?

४. कचेरीत आणि शाळेत

आपल्यापैकी थोडेच पंचमंडळात असतात, पण कामावर पुष्कळांच्या हाताखाली माणसे असतात. कोणी मुख्याध्यापक आहे, कोणी रुग्णालयात मेट्रन आहे, कोणी कारखान्यात सुपरवायझर, कोणी कचेरीत हेडक्लार्क. तेथील परीक्षा दानपेटीजवळ होत नाही. ती हजेरीपत्रकावर, प्रवासभत्त्याच्या बिलावर, सामानाच्या पावतीवर आणि आजारपणाच्या दाखल्यावर होते.

दानीएल ६:४ पाहा. शत्रूंनी दानीएलाचा दोष शोधला तो प्रथम त्याच्या राजकारभारात. तेथे काही सापडेना, तेव्हा ते त्याच्या प्रार्थनेकडे वळले. आपल्याविषयी कोणी असा शोध सुरू केला, तर त्याला प्रार्थनेपर्यंत यावे लागेल काय? की पहिल्याच फाइलीत त्याचे काम होईल?

नहेम्याचाही विचार करा (५:१४-१८). बारा वर्षे तो सुभेदार होता, पण सुभेदाराचा हक्काचा भत्ता त्याने घेतला नाही, कारण लोकांवर आधीच बोजा होता. जे घेणे कायद्याने चालले असते, तेही त्याने सोडले. हाताखालची माणसे आपले भाषण ऐकत नाहीत. आपण कोणते बिल लावतो आणि कोणते लावत नाही, हे पाहतात. नव्याने लागलेला शिपाई साहेबाकडून पहिल्या महिन्यातच पुष्कळ शिकतो.

५. चूक झालीच असेल तर

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या पाकिटात आजच असे अंतर असेल. त्याच्यासाठी जक्कयाची गोष्ट आहे (लूक १९:१-१०). जक्कयाने प्रभूला नुसते घरी जेवू घातले नाही; उभे राहून, सर्वांसमोर, चौपट परत करण्याची रक्कम सांगितली. पश्चात्तापाला आकडा होता. हनन्या आणि सप्पीरा (प्रे. कृत्ये ५) यांचे उलट झाले. जमीन त्यांची होती, पैसे त्यांचे होते, सगळे द्या असे कोणी म्हटले नव्हते. त्यांनी दिलेल्यापेक्षा अधिक दाखविले, आणि तेथेच ते पडले.

म्हणून बंधो, भगिनी, आज संध्याकाळीच एखाद्या विश्वासू वडिलांकडे जा. आणि वडीलहो, असा कोणी आला तर दार लावून घेऊ नका, आणि झाकूनही टाकू नका. रक्कम भरून घ्या, व्यवस्था बदला, माणसाला राखा. मला कोणी तसे राखले नसते, तर आज हा पाठ लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

शेवटी मार्क १२:४१-४४ वाचा. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. विधवेची दोन नाणी त्याने पाहिली. आपल्या मंडळीतही मोलमजुरी करणाऱ्या बाईचे दहा रुपये त्या पेटीत पडतात. ते पडताना ज्याने पाहिले, तो ते निघतानाही पाहतो. पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याने हे विसरू नये.

वर्गातील चर्चेसाठी प्रश्न

१. खरा नफा आणि दाखविलेला नफा यांत पहिल्यांदा अंतर पडले, तेव्हा काय केले असते तर पुढचा अनर्थ टळला असता?
२. २ राजे १२:१५ आणि २ करिंथ ८:२०-२१ ही वचने शेजारी ठेवून वाचा. त्यांत विरोध आहे काय?
३. आपल्या मंडळीत दानार्पण कोण मोजते, किती जण मोजतात, आणि हिशेब सभासदांपुढे केव्हा येतो?
४. तुमच्या कामाच्या ठिकाणी ‘सगळेच करतात’ म्हणून चालू असलेली एक गोष्ट कोणती? तुम्ही ती सोडली, तर तुम्हाला काय सोसावे लागेल?
५. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आपल्याला का वाटते?

शिक्षकांस सूचना : लहान मुलांच्या वर्गात झाकणाला भोक असलेली एक खोक्याची पेटी करून आणावी. मुलांनी तीत चिंचोके टाकावे, आणि दर आठवड्यास वेगवेगळ्या दोन मुलांनी मिळून ते मोजून फळ्यावर आकडा लिहावा. एका महिन्यात दोघांनी मोजण्याची रीत मुलांच्या अंगवळणी पडेल, आणि मोठेपणी ती त्यांना अपमानाची वाटणार नाही.