गाडी थरथरते तेव्हा गॅरेजात काय सांगावं

आमच्याकडे पंधरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. मोटरवेवर ताशी साठ मैलांचा वेग गाठला की तिचं स्टिअरिंग थरथरायला लागायचं. पन्नासच्या आत काही नाही, सत्तरला थोडं शांत. त्या हिवाळ्यात आम्ही पुण्याला गेलो होतो आणि गाडी रेडिंगला दारात उभी होती, त्यामुळे टायर एकाच जागी दबून चपटे झाले असतील असं आधी वाटलं. तसं होतंही. पण ते चपटेपण टायर तापले की बहुधा काही मैलांत जातं. आमची थरथर एम-फोरवर थेट स्विंडनपर्यंत सोबतीला होती.

मग सुरू झाली गॅरेजवारी. आधी चारही चाकांचं बॅलन्सिंग झालं. मग ट्रॅकिंग, म्हणजे आपल्याकडचं व्हील अलाइनमेंट. मग पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड नवे पडले. दर खेपेला थरथर थोडी कमी-जास्त व्हायची, जायची मात्र नाही. दोन दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. ड्राइव्ह शाफ्टचं नाव निघालं तेव्हा बिलांची बेरीज गाडीच्या किमतीकडे डोळे लावून बसली होती. गॅरेजने लुबाडलं असं मी म्हणणार नाही. काउंटरवर ‘बॅलन्सिंग करा’ म्हटलं की जॉबकार्डवर तेवढंच लिहिलं जातं, यंत्र शून्य दाखवतं, काम चोख होतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट ही, की गॅरेजात उपाय सांगू नका, लक्षण सांगा. आणि ‘नक्की काय बिघडलंय ते शोधा’ या कामाचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा. भारतातून आलेल्या आपल्या लोकांना हे जड जातं. पार्ट बदलला तर पैसे दिले याचं समाधान असतं, नुसतं बघण्याचे कसले पैसे? पण तेच पैसे सगळ्यांत स्वस्त पडतात.

शेवटी ज्याच्या हाती गाडी लागली त्या म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. त्याने विचारलं: हादरा हातात येतो की सीटखाली? ब्रेक दाबला की वाढतो का? तोच वेग ठेवून गिअर एकाने उतरवला तर काय होतं? सिग्नलला उभं असताना थरथरते का?

या प्रश्नांत जवळजवळ सगळं निदान आहे. हातात आला तर पुढची चाकं, सीटखाली आला तर बहुधा मागची. ब्रेकवरच आला तर डिस्क. जोरात वेग घेतानाच आला आणि पाय सैल सोडला की गेला, तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा संशय. उभ्या गाडीत थरथर असेल तर चाकांचा संबंधच नाही. इंजिनाची माउंटिंग बघा, नाहीतर एखादा सिलिंडर मिस होतोय का ते. गिअरचा प्रश्न मला विशेष आवडला. साठ मैलांच्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण 14 फेरे घेतं. 3000 आरपीएमला इंजिन घेतं 50. गिअर उतरवला की इंजिनाचे फेरे वाढतात, चाकाचे तेवढेच राहतात. थरथर बदलली नाही तर इंजिन सुटलं आणि चाकं, हब, शाफ्ट एवढंच शोधायचं राहिलं. ट्रॅकिंगचं म्हणाल, तर ते बिघडल्याने गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरके झिजतात. नुसतं तेवढ्याने स्टिअरिंग सहसा थरथरत नाही.

मग त्याने पुढचं डावं चाक आणि नवीकोरी डिस्कही काढली. डिस्कमागे हबच्या तोंडावर तांबड्या गंजाचे पापुद्रे होते, एका बाजूला जाड, दुसरीकडे जवळजवळ नाहीत. ज्या मधल्या कड्यावर चाक बसतं तिथेही तेच. अलॉयच्या पाठीवर पांढरी भुकटी धरलेली. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात, त्याची ही करणी. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक नीट मध्यावर बसत होतं, गाडीवर मात्र केसभर तिरकं, आणि तेही दर वेळी वेगळ्या जागी. थरथर कमी-जास्त का व्हायची ते तेव्हा उलगडलं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पुन्हा डिस्क, आणि डायल गेज. आधी फेऱ्यागणिक डुलणारी सुई आता जागची हलेना. नवा पार्ट एकही लागला नाही. हब तसाच राहिला असता तर काही हजार मैलांत नव्या डिस्कही ब्रेकवर हादरे देऊ लागल्या असत्या.

त्यामुळे जुन्या गाडीला इथे डिस्क बसवायला टाकाल तेव्हा ‘हब साफ करून बसवा’ हे शब्द जॉबकार्डवर लिहून घ्या. गंज नसेल तर पुढचा संशय खड्ड्यावर. अलॉयची आतली कड वाकते आणि बाहेरून चाक ठणठणीत दिसतं. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरताना टायरपेक्षा रिमच्या कडेकडे बघा, ती वर-खाली होते का. घरच्या घरी करता येण्यासारखं म्हणजे त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावून पाहणं, मापं सारखी असतील तर. हादरा हातातून सीटखाली गेला की चोर सापडला.

एमओटी नुकतीच पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. त्या तपासणीत चाकं काढत नाहीत आणि गाडी मोटरवेवर पळवूनही बघत नाहीत. मात्र सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुन्या एमओटीच्या सूचना फुकट दिसतात. ‘बुश झिजला आहे’ असं दोन वर्षं लागोपाठ लिहिलेलं असेल तर ते गॅरेजात दाखवा. पैसे देऊनही काम नीट झालं नसेल तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ते पुन्हा नीट करून मागता येतं. आवाज चढवायची गरज नाही, लेखी मागा.

हे सगळं हळूहळू वाढलेल्या थरथरीसाठी. टायरच्या भिंतीवर फुगा दिसला तर निदान करत बसू नका, त्या टायरवर गाडी चालवूच नका. चाकं काढून बसवल्यानंतर लगेच थरथर सुरू झाली आणि मैलागणिक वाढत गेली तर नट सैल असू शकतात. वेग कमी करा, गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. मोटरवेवर असाल तर डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जा आणि मग ब्रेकडाउनवाल्यांना फोन लावा. नट पाहायला गाडीपाशी वाकू नका.